जामीन कोण?



कार्यकर्ते या स्मृतिव्याख्यानाचं आमंत्रण घेऊन घरी आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, मी बँकेतला माणूस. माझ्याकडे विचार नाहीत, फायली आहेत." त्यावर एकजण म्हणाला, "मग फायलींवर बोला." आमच्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्यासपीठावर आजवर इतिहासकार आले, लेखक आले, एक शास्त्रज्ञही येऊन गेले. यंदा तुमच्या वाट्याला कर्ज खात्याचा निवृत्त अधिकारी आला आहे. सोसून घ्या.

माझ्या नोकरीतली शेवटची बरीच वर्षं शैक्षणिक कर्जांत गेली. त्यातही परदेशी शिक्षणाच्या. मे-जून उजाडला की टेबलासमोर बाप-लेकांच्या, बाप-लेकींच्या जोड्या येऊन बसायच्या. मुलाच्या हातात प्रवेशाचं पत्र, बापाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. बापाचा पहिला प्रश्न, "साहेब, किती मिळेल?" माझा पहिला प्रश्न, "तारण काय आहे?" मुलगा किती हुशार, विद्यापीठ कोणतं, विषय काय, हे नंतर. फॉर्ममध्ये तो रकाना होता, नाही असं नाही. पण ज्या कागदावर प्रकरण मंजूर व्हायचं किंवा अडायचं, त्याचा मुलाच्या गुणपत्रिकेशी फारसा संबंध नसायचा. परदेशी शिकायला पैसे लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी जामीन लागतो, हे कळायला पिशवी उघडावी लागते.

माझ्या पाहण्यातला सगळ्यात जुना आणि मोठा जामिनाचा कागद ४ जून १९१३ चा आहे. त्या दिवशी भीमराव रामजी आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, कोलंबिया विद्यापीठ. आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. आपण त्याला शिष्यवृत्ती म्हणतो. बँकवाल्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर ते सेवेच्या रूपात फेडायचं कर्ज होतं, आणि तारण होतं त्या माणसाचं पुढचं दशक. वडील त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारले होते. घर नाही, शेत नाही. बडोद्याच्या महाराज सयाजीरावांनी तारण मागितलं नाही, माणूस मागितला. आमच्या खात्यात हे प्रकरण आलं असतं तर पहिल्याच छाननीत परत गेलं असतं, हे मी तुम्हाला खात्रीनं सांगतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण पैशाच्या अंगानं ते फारसं सांगितलं जात नाही. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीला नाव घातलं, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. वेगळ्या बोटीनं पाठवलेली पुस्तकं महायुद्धात बोटीसकट समुद्रात गेली. कराराप्रमाणे नोकरीला बडोद्यात हजर झाले, तर राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातून लोकांनी काठ्या घेऊन हुसकावलं. म्हणजे कर्जदार फेडायला दारात उभा आणि गाव त्याला फेडू देत नाही, अशी ती गत. कर्जाच्या इतिहासात थकबाकीची पुष्कळ कारणं मी वाचली आहेत. हे कारण कोणत्याच रकान्यात बसत नाही.

लंडनचा अभ्यास पुरा करायला त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पै-पै साठवली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा निघाले. आता गंमत पाहा. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. त्या वर्षी सरकारनं रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरवला होता. दोन शिलिंग म्हणजे पौंडाला दहा रुपये. भथेनांच्या पाच हजारांचे त्या भावानं पाचशे पौंड. पण तो भाव टिकला नाही. वर्षभरात बाजारात रुपया सोळा पेन्सांच्या आसपास आला, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये. तेच पाच हजार, आता सव्वातीनशे-साडेतीनशे पौंड. १९२१ च्या सप्टेंबरात त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले आणि कारण सांगितलं विनिमयाच्या दराचं. हा माणूस तेव्हा प्रबंध कशावर लिहीत होता? रुपयाच्या प्रश्नावर. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ मध्ये पुस्तकरूपानं आलं. त्यातली आकडेमोड लिहिणाऱ्याच्या पोटावर बसलेली होती. अर्थशास्त्राचे प्राध्यापक ते पुस्तक शिकवतात तेव्हा हे सांगतात की नाही, कुणास ठाऊक.

आधीची पिढीही याच वाटेनं गेली. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा अंगावरचे दागिने विकावे लागले, आणि तिकडे न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंनी घर दिलं. प्रत्यक्ष न पाहिलेल्या मुलीसाठी, नुसत्या पत्रव्यवहारावर. जामीनच तो. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी काढला तेव्हा त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. देणगी दिली नाही, कर्ज दिलं. घेतलेले पैसे फेडायचे, म्हणजे पुढच्याला मिळतील. अगदी सुरुवातीच्या लाभार्थींत दोन स्त्रिया होत्या, दोघी डॉक्टर: फ्रेनी कामा आणि आपल्या कृष्णाबाई केळवकर. जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले तेही याच निधीच्या आधारानं. दानशूर माणसं आपल्याकडे कमी नव्हती. पण दानात घेणाऱ्याची मान खाली जाते. फेडीत ती ताठ राहते. टाटांना हे कळलं होतं. आमच्या बँकांनाही फेड कळते, फक्त आम्ही ती मुलाकडे न बघता घराच्या भिंतीकडे बघून ठरवतो.

आता माझी एक फाईल उघडतो. नावं सांगणार नाही.

२०१३ चा मे महिना. तासगाव भागातले एक द्राक्ष बागायतदार मुलीला घेऊन आले. मुलीला अमेरिकेत एम.एस.ला प्रवेश मिळाला होता. पिशवीतून त्यांनी सातबारे काढले. पाच एकर बाग, ठिबक, विहीर, सगळं वर्ग एकचं, निर्वेध. बाजारभावानं ती जमीन मागितलेल्या कर्जाच्या कितीतरी पट. मी सातबारे पाहिले, घडी घातली आणि परत दिले. "हे चालत नाही," म्हटलं.

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता. आपलं काहीतरी ऐकायचं चुकलं असावं असं त्यांना वाटलं. "अहो, पीककर्ज याच्यावरच देता की तुम्ही," ते म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. पण २००२ साली जो सरफेसी कायदा आला, ज्याच्या जोरावर बँक कोर्टाची पायरी न चढता तारण ताब्यात घेते, त्याच्या कलम ३१ नं शेतजमीन वगळली आहे. कायद्याचा हेतू चांगला, सावकारीनं पोळलेल्या देशात तो असायलाच हवा. पण त्याचा उलटा परिणाम असा की ज्या जमिनीवर बँकेला सहज हात टाकता येत नाही, ती शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँकेला नकोच असते. गावठाणातलं घर? त्याला मंजूर नकाशा नसतो. गुंठेवारीतला प्लॉट? वकिलाचा सर्च रिपोर्ट तिथं अडतो. चिंचवडचा साडेपाचशे चौरस फुटांचा फ्लॅट मात्र चालतो, नोंदणीकृत करारपत्र आणि सोसायटीचं ना हरकत पत्र असलं की झालं. परदेशी कोण शिकणार याचा निकाल आपल्याकडे बऱ्याच वेळा 'एनए', म्हणजे बिगरशेती, या दोन अक्षरांवर लागतो. जिल्ह्याच्या गावात मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि वर्षानुवर्षं सह्या केल्या.

शेवटी मुलीचे मामा आले. चिंचवडला कारखान्यात कामाला, वीस वर्षं हप्ते भरून घेतलेला फ्लॅट, नुकताच कर्जातून मोकळा झालेला. फ्लॅट मामा-मामींच्या दोघांच्या नावावर. त्यामुळे गहाणाला मामींची सही हवी. मामा भराभर सह्या करत होते. मामी खुर्चीच्या टोकावर बसलेल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पेन हातात घेतलं आणि मला विचारलं, "साहेब, हिला तिकडं नोकरी नाही लागली तर आम्ही कुठं राहायचं?" मुलगी शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "तशी वेळ येत नाही सहसा." बँकेतल्या माणसानं 'सहसा' म्हणू नये. मामींनी एकदा मुलीकडे पाहिलं आणि सही केली. पानापानावर, सावकाश, शाळेतल्या अक्षरात.

बावीस लाख मंजूर झाले. डॉलर तेव्हा पंचावन्नच्या घरात होता, म्हणजे चाळीस हजार डॉलरचा हिशोब. बँक पैसे एकदम देत नाही, सत्र सुरू होईल तसे विद्यापीठाला पाठवते. आणि त्याच उन्हाळ्यात रुपया कोसळला. ऑगस्टच्या अखेरीस डॉलर अडुसष्टला जाऊन टेकला. बावीस लाखांचे आता साडेबत्तीस हजारही होईनात. मंजुरी रुपयांत, फी डॉलरांत. या दोहोंच्या फटीत शंभर वर्षांपूर्वी आंबेडकर अडकले होते, तिथंच ही मुलगी अडकली. वाढीव कर्ज मागावं तर तारणाचं मूल्यांकन पुरत नव्हतं. तिच्या वडिलांनी दिवाळीच्या भावासाठी कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेला बेदाणा गणपतीआधीच काढला आणि मिळेल त्या भावाला दिला. किती तोटा झाला हे त्यांनी मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना त्यानंतर मी एक गोष्ट आवर्जून सांगू लागलो: आजच्या भावानं हिशोब करू नका, शेवटच्या सत्राच्या भावानं करा. २०११ च्या सुमाराला डॉलर पंचेचाळीसच्या आसपास मिळत होता. २०२५ च्या डिसेंबरात त्यानं नव्वदी ओलांडली. तिकडे कमावून इकडे फेडणाऱ्याला ही घसरण सोयीची, इकडे कमावून तिकडे भरणाऱ्याला जीवघेणी. एकाच कर्जात शिकताना दुसरी बाजू असते आणि नोकरी लागली तर पहिली. 'तर' महत्त्वाचा.

आयकरात जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, असं सगळे सल्लागार छातीठोक सांगतात. खरं आहे. पण शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून बागायतदार बापाला ती निरुपयोगी. आणि मुलगी तिकडे कमावते, कर तिकडे भरते, म्हणून तिलाही. सवलत आहे, पण ती पगारदाराच्या मापानं शिवलेली.

आणि ज्यांचा असा मामाच नाही? त्यांच्यासाठी विनातारण कर्ज देणाऱ्या खाजगी वित्तसंस्था आहेत. त्या मुलाकडे बघतात, विद्यापीठाकडे बघतात, पुढच्या पगाराचा अंदाज बांधतात. या बाबतीत त्या आमच्यापेक्षा बऱ्या, हे मी कबूल करतो. फक्त किंमत व्याजात वसूल होते. चाळीस लाख, दहा वर्षांची परतफेड. दहा टक्क्यांनी हप्ता बसतो सुमारे ५२,८६० रुपये, तेरा टक्क्यांनी ५९,७२५. दरमहा पावणेसात हजारांहून जास्त फरक, दहा वर्षांत सव्वाआठ लाख. फ्लॅट नसण्याची ही किंमत. शिकत असताना चढणारं व्याज यात धरलेलंच नाही.

फी हा खर्चाचा एक भाग झाला. दुसरा भाग मला नोकरीत शिकावा लागला: पैसे असणं वेगळं आणि पैसे दाखवणं वेगळं. इंग्लंडच्या व्हिसाला फी आणि राहण्याचा खर्च खात्यात सलग अठ्ठावीस दिवस दिसावा लागतो. नियम साधा, हेतू सरळ. आमच्या शाखेत त्याचा अवतार असा: एखाद्या शिक्षकाच्या बचत खात्यात, जिथं वर्षभर पगार येतो आणि जातो, तिथं एका दिवशी अचानक पंधरा-वीस लाख येतात. काकांची मुदत ठेव मोडलेली, आत्याच्या खात्यातून आलेले, साडूनं दिलेले. महिनाभर कुणी त्याला हात लावत नाही. एकोणतिसाव्या दिवशी स्टेटमेंटवर आमचा शिक्का, आणि तिसाव्या दिवसापासून पैसे आल्या वाटेनं परत. सगळं कुटुंब महिनाभर श्वास रोखून बसल्यासारखं. नातेवाईक नसले की काही सल्लागार हे पैसे 'भाड्यानं' मिळवून देतात, व्याजासकट. अशा शिक्क्यावर सही करताना माझा हात अडखळायचा. व्हिसा अधिकाऱ्याला पैसे दिसतात. मुलगा लीड्सला उतरतो तेव्हा त्याच्या खिशात ते नसतात. मग आठवड्याच्या वीस तासांच्या परवानगीत तो गोदामात किंवा उपाहारगृहात उभा राहतो, आणि घरी फोनवर "मजेत आहे" म्हणतो.

जर्मनीची पद्धत मला त्या मानानं प्रामाणिक वाटते. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला दीड हजार युरो पडतात, म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानंही अलीकडे फी लावली. पण एकूण देश अजून स्वस्त. बदल्यात तुम्ही वर्षाचे ११,९०४ युरो तिकडच्या रोधित खात्यात आधी भरायचे, आणि खातं तुम्हाला दर महिन्याला ९९२ युरो देणार. म्हणजे दाखवलेलेच पैसे खायला मिळतात. आमच्याकडच्या मुलांनी या खात्याला मराठी नाव काढलंय, 'गल्ला'. कॅनडानंही आधी पैसे गुंतवल्याचं असंच एक प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. २०२४ च्या आरंभी रक्कम दहा हजारांवरून एकदम २०,६३५ कॅनेडियन डॉलर केली. त्या महिन्यात माझ्या टेबलासमोरची रांग विरळ झाली होती असं माझ्या जागी आलेला अधिकारी सांगतो.

सरकारचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारालच. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५० च्या दशकापासून आहे, वर्षाला १२५ जागा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, ७५ जागांची. या दोन्हींवर गेलेली मुलं मी पाहिली आहेत. कातडीकाम करणाऱ्या, सफाई काम करणाऱ्या घरांतली. इथं घराची भिंत बघत नाहीत, म्हणून मला त्या बँकेपेक्षा मोठ्या वाटतात. पण जागा मोजून, आणि वचनाला पैशाची जोड कधी ढिली. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरतं पत्र मिळालं. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असं सांगण्यात आलं. सत्र सप्टेंबरात सुरू होतं. जुलैत 'झाल्यास' ऐकणाऱ्या घरात काय होत असेल याची कल्पना ज्याला आहे त्याला आहे. अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या परदेशी कर्जावरचं व्याज भरणारी 'पढो परदेश' योजना तर २०२२ मध्ये बंदच झाली. बडोद्याच्या करारात निदान तीन वर्षं साडेअकरा पौंड महिन्याच्या महिन्याला येत होते.

ज्यांच्या नावानं आपण आज इथं बसलो आहोत त्या सरांकडे एक वही होती. बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे त्यांनी मला दिले तेव्हा त्या वहीत माझं नाव लिहिलं, पुढे रक्कम, आणि पुढचा रकाना कोरा ठेवला. "परत आणलेस की मी इथं टिक करणार नाही," म्हणाले, "त्या पैशांत ज्याचं काम होईल त्याचं नाव लिहिणार." पहिल्या पगारात मी पैसे दिले. माझ्यापुढे कुणाचं नाव लिहिलं गेलं ते मला माहीत नाही. सरांनी टाटांचा निधी ऐकला होता का, हेही विचारायचं राहिलं.

तासगावच्या त्या मुलीचं कर्ज २०२० मध्ये फिटलं, मुदतीच्या आधी. घराची मूळ कागदपत्रं परत द्यायला आमच्या बँकेला त्यानंतर चार महिने लागले. ती मध्यवर्ती कस्टडीत होती आणि कस्टडीचा कारभार आमच्या हाती नव्हता, हे कारण मी मामांना तीनदा सांगितलं. आता रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तीस दिवसांत कागद दिले नाहीत तर दिवसाला पाच हजार रुपये. तेव्हा नव्हता.

शेवटी मामा-मामी दोघं घ्यायला आले. मामींनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि करारपत्राचं एकेक पान उलटून मोजलं. नोंदणीचा इंडेक्स टू आहे ना, विचारलं. आहे म्हटल्यावर सगळं नीट पिशवीत घातलं, पण पिशवीला गाठ मारली नाही.

"धाकट्याला आयर्लंडचं पत्र आलंय," त्या म्हणाल्या. "फॉर्म आजच देता का?"